केअर हार्डी : कामगारांचा माणूस कामगारांतूनच यावा लागतो का?

रानजाई

ब्रिटनच्या मजूर पक्षाची ओळख आपल्याकडे बहुतेकांना ॲटलीपासून होते, कारण १९४७ साली तो पंतप्रधान होता. पण ज्या माणसाने या पक्षाची पायाभरणी केली तो ॲटली संसदेत पोचण्याच्या सात वर्षं आधीच वारला होता. त्याचं नाव जेम्स केअर हार्डी. मला हा माणूस फार महत्त्वाचा वाटतो आणि त्याच्याबद्दल मराठीत फारसं वाचायला मिळत नाही, म्हणून हा धागा.

जन्म १५ ऑगस्ट १८५६, स्कॉटलंडमधल्या लॅनार्कशरमध्ये. आई मेरी केअर घरकाम करणारी मोलकरीण. पुढे तिने जहाजावर सुतारकाम करणाऱ्या डेव्हिड हार्डीशी लग्न केलं. शाळा जवळजवळ नाहीच. आईने अक्षरओळख करून दिली. सातआठ वर्षांचा असल्यापासून पोरगा कमावता. ग्लासगोत बेकरीच्या दुकानात पोऱ्या होता तेव्हाची गोष्ट त्याने स्वतः सांगून ठेवली आहे. सावत्र बाप बेकार, आई बाळंतपणाला टेकलेली, धाकटा भाऊ तापाने फणफणलेला. रात्री भावाजवळ जागून सकाळी कामावर जायला उशीर झाला, तोही लागोपाठ दोन दिवस. मालकाने वरच्या मजल्यावर बोलावलं. तिथे कुटुंब न्याहारीच्या टेबलाभोवती बसलेलं, मालक प्रार्थना सांगत होता. प्रार्थना आटोपली आणि मालकाने त्याला कामावरून काढलं, वर आठवड्याची मजुरीही कापली. घरात तेवढीच कमाई होती. पोरगा घरी जायला घाबरून पावसात भटकत राहिला.

दहाव्या वर्षी कोळशाच्या खाणीत उतरला. तेविशीत खाणकामगारांची संघटना बांधतो म्हणून त्याला भावांसकट काढून टाकलं आणि आजूबाजूच्या खाणींनीही दारं बंद केली. मग संघटनेचा चिटणीस, मग वार्ताहर, मग स्वतःचं वर्तमानपत्र.

त्या काळात कामगारवर्गातून आलेले मोजके खासदार होते, पण ते लिबरल पक्षाच्या पंखाखाली. हार्डीने १८८८ साली मिड लॅनार्कच्या पोटनिवडणुकीत आधी लिबरलांकडेच उमेदवारी मागितली. त्यांनी एका वकिलाला पसंती दिली. हा अपक्ष उभा राहिला तेव्हा त्याने माघार घ्यावी म्हणून पुढच्या निवडणुकीत जागा आणि वर्षाला ३०० पौंड देऊ केले. त्याने नाकारले. मतं पडली ६१७, नंबर शेवटचा. चार वर्षांनी लंडनच्या वेस्ट हॅम साऊथमधून तो खासदार झाला, १८९३ साली ब्रॅडफर्डला इंडिपेंडंट लेबर पार्टी उभी राहिली आणि १९०० साली संघटना व समाजवादी गट एकत्र येऊन जी समिती झाली तिचाच पुढे मजूर पक्ष झाला.

तर प्रश्न असा. लिबरल पक्षात कामगारांबद्दल मनापासून कळवळा असलेले लोक होते, कायदेही त्यांनीच केले. तरी हार्डीचं म्हणणं होतं की कामगाराचा स्वतःचा माणूस, स्वतःच्या पक्षाचा, संसदेत हवाच. हे तुम्हाला पटतं का? की सहानुभूती असलेला, शिकलेला माणूस जास्त उपयोगी पडतो?

कोळसापट्टा

ताई, धागा आवडला. मी वणी भागात भूमिगत खाणीत नोकरी केली आहे, म्हणून त्या दहाव्या वर्षाच्या कामाबद्दल थोडं सांगतो.

पोराचं काम दार उघडायचं आणि लावायचं. ऐकायला सोपं वाटतं. खाणीत एका शाफ्टमधून ताजी हवा खाली येते, कोळशाच्या तोंडापर्यंत फिरते आणि दुसऱ्या शाफ्टमधून वर निघते. मधल्या रस्त्यांवर लाकडी दारं असतात, ती बंद असली तरच हवा लांबचा फेरा घेते. दार उघडं राहिलं की हवा जवळच्या वाटेने परत फिरते, पुढची जागा कोंदते आणि मिथेन साचायला लागतो. मग कुणाचा तरी दिवा पुरतो. आज आम्ही दोन दारं मागेपुढे लावतो, एक उघडलं तरी दुसरं बंद. तिथे माणूस बसवावा लागत नाही.

तेव्हा मात्र ही जबाबदारी दहा वर्षांच्या पोरावर. अंधारात एकट्याने दहा तास बसायचं, कोळशाच्या डब्यांचा खडखडाट ऐकला की दोर ओढून दार उघडायचं, डबे गेले की लावायचं. डुलकी लागली तर शंभर माणसांचा जीव धोक्यात. १८४२ च्या कायद्याने दहा वर्षांखालच्या मुलांना आणि बायकांना खाली उतरवायला बंदी केली होती. म्हणजे हार्डीला उतरवलं ते कायद्याला धरून.

याच माणसाने खाणीतच शॉर्टहँड शिकली. पांढरा गुळगुळीत दगड दिव्याच्या काजळीने काळा करायचा आणि वात सारखी करायच्या पिनेने त्यावर रेघोट्या ओढायच्या. अशा उजेडात मी नकाशे वाचलेत. डोळे भरून यायचे.

निशिगंध

दोर ओढून दार उघडणारा मुलगा डोळ्यांसमोरून हलत नाहीये. वाचतेय, अजून लिहा.

गिरणगावकर

रानजाई, हार्डीच्याच काळात आपल्याकडे नारायण मेघाजी लोखंडे होते हे इथे आलंच पाहिजे. लोखंडे १८४८ चे, हार्डीपेक्षा आठ वर्षांनी मोठे. १८८४ च्या सप्टेंबरात त्यांनी परळला सभा घेतल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन केलं. मागण्या बघा: आठवड्याला रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, साडेसहा ते सूर्यास्त एवढंच काम, पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत, अपघात झाला तर भरपाई. सहा वर्षांनी, एप्रिल १८९० मध्ये, दहा हजार कामगार जमले, त्या सभेत दोन कामगार बायका बोलल्या, आणि त्याच वर्षी जूनमध्ये गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली.

तुमच्या प्रश्नाशी याचा थेट संबंध आहे. लोखंडे सत्यशोधक, जोतीरावांचे सहकारी. गिरणीत स्टोअरकीपर होते, साच्यावर (मागावर) उभे राहिलेले नव्हते. तरी साच्यावरचा माणूस त्यांना आपलाच समजायचा, कारण ते त्याच गिरणीच्या आवारात वावरले होते आणि ‘दीनबंधू’त त्याच्या भाषेत लिहीत होते. जन्म कुठे झाला यापेक्षा दिवस कुठे काढले हे बघावं असं मला वाटतं. माझे आजोबा लालबागच्या एका गिरणीत जॉबर (मुकादम) होते. ते म्हणायचे, भोंगा वाजल्यावर ज्याच्या पोटात गोळा येतो तो आपला माणूस.

क्लाइडकाठ

ग्लासगोहून लिहितोय. गिरणगावकरांनी रविवारचा विषय काढला म्हणून हार्डीचं एक प्रकरण सांगतो, इथल्या जुन्या लोकांना अजून ठाऊक आहे.

ग्लासगोच्या वेशीवर रुदरग्लेनला लॉर्ड ओव्हरटाउन याचा क्रोमचा कारखाना होता. हा गृहस्थ फार धार्मिक. मिशनला भरपूर देणग्या द्यायचा आणि रविवारी ट्राम चालवू नयेत, रविवार पवित्र पाळावा अशा चळवळीत पुढे. त्याच्या कारखान्यात मात्र कामगार दिवसाला बारा तास, आठवड्याचे सातही दिवस. जेवायलाही सुट्टी नाही. क्रोमच्या धुळीने नाकाचा पडदा झिजून भोक पडायचं, अंगावर खोल जखमा व्हायच्या. १८९९ साली हार्डीने हे सगळं छापलं, पुस्तिका काढल्या, आणि त्या हातोहात गेल्या. स्वतः हार्डी श्रद्धाळू ख्रिस्ती होता, गावोगाव प्रवचनं देणारा, दारूला न शिवणारा. म्हणून तो हल्ला जास्त लागला. धर्म मानणारा माणूसच विचारत होता की हा कुठला धर्म.

एक हलकाफुलका किस्साही. १८९२ साली पहिल्यांदा संसदेत गेला तेव्हा बाकी खासदार काळा कोट आणि उंच हॅटमध्ये, हा साध्या ट्वीडच्या सुटात, डोक्यावर कानटोपीसारखी टोपी. दारावरच्या पोलिसाने विचारलं, “इथे कामाला आहेस का?” “हो.” “छपरावर?” “नाही, खाली सभागृहात.” इथे हा किस्सा चवीने सांगतात.

कमनॉकला, जिथे त्याचं घर होतं, नगरपालिकेच्या इमारतीबाहेर त्याचा अर्धपुतळा आहे. दाढी, कपाळ, सगळं खडबडीत. मुलांना घेऊन गेलो होतो.

बंड्या_कोल्हापुरी

आपल्याकडं गांधी टोपी, त्यांच्याकडं हार्डी टोपी. लय भारी माणूस.

शशांक_प

मी थोडं वेगळं बोलतो. हार्डीची कहाणी हृदयाला भिडते, मान्य. पण संघटना चालवणारा माणूस म्हणून त्याच्या नावावर किती विजय आहेत? १८८० चा लॅनार्कशरचा संप फसला. १८८१ चा एअरशरचा संपही मोडला, मजुरी थोडी वाढली ती नंतर. १९०६ साली २९ खासदार निवडून आले तेव्हा गटनेतेपदाच्या निवडणुकीत तो डेव्हिड शॅकलटनपेक्षा एकाच मताने पुढे गेला, आणि दोन वर्षांत पद सोडलं. कारण सभागृहातलं रोजचं काम, तडजोडी, पक्षाची शिस्त, यात त्याचं मन नव्हतं.

त्याच्या तुलनेत विल थॉर्न बघा. सहाव्या वर्षी दोरखंडाच्या कारखान्यात चाक फिरवायला लागला. मोठेपणी लंडनच्या बेक्टन गॅस कारखान्यात भट्टीवर. लिहावाचायला नीट शिकला तो मोठेपणी, आणि त्याला मदत केली कार्ल मार्क्सची मुलगी एलिनॉर मार्क्सने. मार्च १८८९ मध्ये त्याने गॅस कामगारांची संघटना काढली, मागणी एकच: बारा तासांची पाळी आठ तासांवर आणा. काही महिन्यांत, संप न करता, कंपन्यांनी ती मान्य केली. त्याच उन्हाळ्यात गोदी कामगारांचा संप झाला, तासाला सहा पेन्स मिळावेत म्हणून. ऑस्ट्रेलियातल्या कामगारांनी त्यासाठी तीस हजार पौंड पाठवले आणि तो संप जिंकला. अकुशल मजुरांच्या संघटना त्यातून उभ्या राहिल्या. मला वाटतं, कामगाराचं आयुष्य बदललं ते भट्टीजवळ, संसदेत नाही.

रानजाई

शशांक, थॉर्नची आठवण काढलीत हे बरं झालं. पण पुढचं पान उलटा. हार्डी १८९५ ला वेस्ट हॅम साऊथमधून हरला, आणि १९०६ साली त्याच मतदारसंघातून निवडून आला तो विल थॉर्न. भट्टीजवळ जिंकलेल्या माणसालाही संसदेत जावंसं वाटलंच ना? का वाटलं, याचं उत्तर टाफ व्हेलच्या खटल्यात आहे. कुणाला माहीत असेल तर लिहा, मला त्यातलं कायद्याचं अंग नीट मांडता येणार नाही.

खतावणी

मी लिहिते. मी बँक कर्मचारी संघटनेची बरीच वर्षं खजिनदार होते.

टाफ व्हेल ही साऊथ वेल्समधली रेल्वे कंपनी. १९०० साली तिथे संप झाला. कंपनीने रेल्वे कामगारांच्या संघटनेवरच दावा लावला. तोपर्यंत सगळ्यांचा समज असा की संघटना ही काही कंपनीसारखी कायद्याने घडलेली व्यक्ती नाही, तेव्हा संपातल्या नुकसानीबद्दल तिच्या तिजोरीला हात लावता येत नाही. १९०१ साली लॉर्ड्सच्या सभागृहाने (तेव्हा तेच तिथलं सर्वोच्च न्यायालय) उलटा निकाल दिला. भरपाई २३ हजार पौंड, आणि वकिलांचा वगैरे खर्च धरून संघटनेला एकूण ४२ हजारांच्या आसपास फटका बसला.

याचा अर्थ खजिनदाराला लगेच कळतो. त्या तिजोरीत संपाचाच पैसा नसतो. आजारपणाची मदत, मयताच्या घरी द्यायची रक्कम, म्हाताऱ्या सभासदांचं अनुदान, सगळं त्यातच. आमच्या एका आंदोलनानंतर व्यवस्थापनाने नुकसानभरपाईच्या दाव्याची नोटीस पाठवली होती. पुढे काही झालं नाही, पण मी रात्री खातेवही उघडून बसले होते, कुठल्या विधवेचा हप्ता थांबेल ते बघत. टाफ व्हेलनंतर ब्रिटनमधल्या प्रत्येक संघटनेच्या खजिनदाराने हेच केलं असणार.

शशांक, तुमच्या भट्टीजवळच्या विजयाला न्यायाधीशाच्या एका निकालाने सुरुंग लागत होता. तो निकाल फिरवायला कायदाच हवा होता. म्हणून आतापर्यंत लांब राहिलेल्या संघटना हार्डीच्या समितीत धडाधड सामील झाल्या, १९०६ ला २९ जण निवडून आले आणि त्याच वर्षी संपाबद्दल संघटनांवर असे दावे लावता येणार नाहीत असा कायदा झाला. तोपर्यंत अगदी १९०० च्या निवडणुकीत या समितीचे दोनच खासदार होते, हार्डी (आता वेल्समधल्या मर्थर टिडफिलमधून) आणि रेल्वेवाल्यांचा रिचर्ड बेल.

शशांक_प

खतावणीताई, प्रतिसाद फार चांगला. पण त्या २९ पैकी कितीतरी जागा लिबरलांशी गुपचूप समझोता करून आल्या होत्या. १९०३ साली मजूर समितीचा रॅम्से मॅक्डोनल्ड आणि लिबरलांचा हर्बर्ट ग्लॅडस्टन यांनी ठरवलं की काही जागी एकमेकांविरुद्ध उभं राहायचं नाही. मग ‘स्वतंत्र’ पक्ष हा हार्डीचा आग्रह कुठे राहिला?

खतावणी

जागा वाटून घेणं वेगळं आणि दुसऱ्याच्या तिकिटावर जाणं वेगळं. निवडून आल्यावर ते बसले वेगळे, त्यांचा प्रतोद वेगळा. वाटाघाटीला बसायचं तर आधी आपली स्वतःची खुर्ची लागते.

कल्याणी_द

सगळे भारावून लिहीत आहेत, म्हणून एक काळी बाजूही नोंदवते. १८८७ साली हार्डीने आपल्या ‘मायनर’ या पत्रात एअरशरच्या ग्लेनगार्नॉक लोखंड कारखान्यात आणलेल्या परदेशी मजुरांबद्दल जे लिहिलं ते वाचवत नाही. लिथुआनियातून आलेले गरीब लोक होते ते. त्यांची राहणी घाण आहे, ते रोगराई आणतात, त्यांना घालवा, अशी भाषा. कमी मजुरीत त्यांना राबवणारा मालक तिथेच होता, पण राग निघाला मजुरांवर.

आणि तो एकटाच नव्हता. जॉर्ज हॉवेल हे जुनं नाव. गवंडी, मतदान सुधारणेच्या चळवळीतला मोठा कार्यकर्ता, ट्रेड युनियन काँग्रेसचा पदाधिकारी, लंडनच्या बेथनल ग्रीनचा खासदार. १८९५ ला त्याला हरवलं ते मुंबईच्या मंचरजी भावनगरींनी, हुजूर पक्षाच्या तिकिटावर. भावनगरींचं राजकारण मला अजिबात पटत नाही, पण हरल्यावर हॉवेलने एका काळ्या परक्या माणसाने आपल्याला हाकललं अशी तक्रार केली होती. श्रमिकांची एकजूट म्हणताना त्यांच्या मनात श्रमिक कोण होता, हे विचारायला हवं.

क्लाइडकाठ

कल्याणी, हे सांगायलाच हवं होतं. इथल्या लॅनार्कशरमध्ये लिथुआनियन खाणकामगारांच्या वंशजांची अजून वस्ती आहे, आणि त्यांच्या आजोबांनी पुढे खाणकामगारांच्या संघटनेत खांद्याला खांदा लावला.

हार्डीबद्दल एक मात्र जोडतो. १९०८ साली तो दक्षिण आफ्रिकेत गेला तेव्हा गोऱ्या कामगारांच्या सभांत त्याने सांगितलं की काळ्या कामगारांना तुमच्या संघटनेत बरोबरीने घ्या. त्यावर त्याच्या सभा उधळल्या गेल्या, जोहान्सबर्गला तर दंगा झाला. १८८७ चा लेख यामुळे पुसला जात नाही. पण एकवीस वर्षांत तो बराच लांब चालत आला होता, आणि दौरा करायला निघाला तो त्याआधी भारत बघून.

माजघर

१५ ऑगस्टला जन्मलेला माणूस, भारतात यायचाच होता!

दप्तर

भारतभेटीवर लिहितो, हा माझा आवडता विषय.

आधी १८९२. ज्या निवडणुकीत हार्डी पहिल्यांदा निवडून आला, त्याच निवडणुकीत दादाभाई नौरोजी सेंट्रल फिन्सबरीतून हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या मतांनी निवडून आले. एक खाणीतून, एक मुंबईहून. दादाभाई लिबरल तिकिटावर, हार्डी लिबरलांच्या तिकिटाविना. दोघेही १८९५ ला पडले. हार्डीला लोक ‘बेकारांचा खासदार’ म्हणायचे, कारण तो बेकारीवर बोलायला उठला की थांबायचा नाही.

१९०७ साली जगप्रवासात तो भारतात आला. बंगालची फाळणी होऊन दोन वर्षं झालेली, स्वदेशीची चळवळ भरात. तो पूर्व बंगालात हिंडला, सभांना गेला, शेतकऱ्यांकडून सारावसुली आणि पोलिसांचा जाच ऐकून घेतला. भारतालाही कॅनडासारखं स्वराज्य द्यायला हवं असं त्याचं म्हणणं तारेने लंडनला पोचलं आणि तिथल्या वर्तमानपत्रांनी आकाशपाताळ एक केलं. राजद्रोह, चिथावणी, काय वाटेल ते. परत गेल्यावर त्याने भारतावर पुस्तकही लिहिलं, ते १९०९ मध्ये आलं.

त्याच्या भेटीनंतर वर्षाच्या आतच, जुलै १९०८ मध्ये, टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस काम बंद ठेवलं. दुसरीकडे याच टिळकांच्या गटाच्या वर्तमानपत्रांनी आधीच्या काळात फॅक्टरी कायद्याला विरोध केला होता. कारण इंग्लंडमधल्या लँकेशरचे गिरणीमालक आपली स्पर्धा मोडायला तो कायदा मागताहेत, असा त्यांना संशय होता आणि तो खोटा नव्हता. लोखंडे मात्र कायदा हवा म्हणत राहिले. कायदा कुणाच्या स्वार्थातून येतो याचं कामगाराला काय, त्याला रविवार हवा होता.

पुढचा एक धागा म्हणजे शापुरजी सकलातवाला. मुंबईत जन्मलेला, टाटांच्या नात्यातला, हार्डीच्या इंडिपेंडंट लेबर पार्टीत वाढलेला, १९२२ ला बॅटर्सी नॉर्थचा खासदार. आणि १९३६ साली बाबासाहेबांनी मुंबईत पक्ष काढला, तोही स्वतंत्र मजूर पक्ष. ७ नोव्हेंबर १९३८ ला औद्योगिक विवाद विधेयकाविरुद्ध त्या पक्षाने कम्युनिस्टांबरोबर एक दिवसाचा संप केला, कारण त्या विधेयकाने संपाचा हक्कच आवळला जाणार होता. खतावणीताईंनी सांगितलेल्या टाफ व्हेलच्याच जातीचं संकट.

कोळसापट्टा

दप्तर भाऊ, अप्रतिम. मी परत आलो ते १८९४ साठी. ते भाषण कुणी सांगितलं नाही अजून.

२३ जून १८९४, शनिवार, दुपारी चारच्या सुमारास वेल्समध्ये पॉन्टिप्रिडजवळच्या आल्बिअन खाणीत स्फोट झाला. २९० माणसं आणि पोरं मेली. हवेत उडालेली कोळशाची धूळ पेटली की आग बोगद्याबोगद्यांतून धावत जाते. आम्हाला प्रशिक्षणात हेच पहिल्यांदा शिकवतात, म्हणून धूळ बसवायला चुनखडीची भुकटी मारायची.

त्याच दिवशी राजघराण्यात राणी व्हिक्टोरियाचा पणतू जन्मला, म्हणजे पुढचा आठवा एडवर्ड. दुसऱ्या दिवशी फ्रान्सच्या अध्यक्षांचा खून झाला. संसदेत फ्रान्सला शोकसंदेश द्यायचा ठराव, राजघराण्याचं अभिनंदन करायचा ठराव. हार्डीने विचारलं, वेल्सच्या खाणकामगारांच्या घरच्यांसाठी दोन शब्द नाहीत का? नाहीत म्हणाले. तेव्हा तो एकटा अभिनंदनाच्या ठरावाविरुद्ध उठला. सभागृहात आरडाओरडा, हेटाळणी. त्यात त्याने सांगितलं की या मुलाभोवती लहानपणापासून खुशामतखोर जमतील, त्याला जगाच्या सफरीवर पाठवतील, मग विजोड लग्नाच्या अफवा येतील आणि शेवटी बिल देशाला भरावं लागेल. १९३६ मध्ये एडवर्डने लग्नासाठी गादी सोडली, तेव्हा लोकांना हे आठवलं.

रानजाईताई, माझं उत्तर यात आहे. सभागृहात त्या दिवशी भली माणसं कमी नव्हती. पण २९० जण मेले म्हणजे नेमकं काय झालं हे त्यांच्यातल्या एकाच्याच अंगावर काटा आणत होतं, कारण तो त्या दारापाशी बसला होता.

हेमांगी_के

हार्डीच्या घराबद्दल कुणीच लिहिलं नाही. १८७९ ला लिली विल्सनशी लग्न झालं. हा सभा, दौरे, लंडन. ती कमनॉकला मुलांना घेऊन, पैशाची सदा ओढाताण. तेव्हा खासदारांना पगार नव्हता, तो १९११ ला सुरू झाला, वर्षाला ४०० पौंड. हार्डी लंडनला फ्लीट स्ट्रीटजवळच्या नेव्हिल्स कोर्टमध्ये स्वस्त भाड्याच्या जागेत राहायचा, स्वतः रांधायचा. सगळे त्याच्या साधेपणाचं कौतुक करतात. लिलीच्या साधेपणाचं कुणी केलं?

बायकांच्या मताच्या हक्कासाठी मात्र तो ठाम होता. १९०७ च्या पक्षाच्या अधिवेशनात ठराव विरुद्ध गेला तेव्हा त्याने पक्ष सोडायचीसुद्धा तयारी बोलून दाखवली. त्याच चळवळीतल्या सिल्व्हिया पँकहर्स्टशी त्याचे जवळचे संबंध होते, तेही लिलीने सोसलं असणार. मला तो मोठा वाटतो. आणि ती बाई मला विसरता येत नाही. त्यांची मुलगी नॅन पुढे कमनॉकची नगराध्यक्ष झाली, याचा मला फार आनंद वाटतो.

निशिगंध

हेमांगी, +१. चळवळीतल्या माणसाच्या घरी मी वाढले आहे. आईने भाजीवाल्याची उधारी कशी फेडली हे बाबांच्या गौरवांकात कुठेच आलं नाही.

गिरणगावकर

मूळ प्रश्नाकडे येतो, कारण मनात एक नाव सारखं घोळतंय. १८ जानेवारी १९८२. अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार ज्यांच्यामागे गेले ते डॉ. दत्ता सामंत डॉक्टर होते. कामगार म्हणून एक दिवसही साच्यावर उभे राहिले नव्हते, तरी कामगारांनी स्वतःहून त्यांना बोलावलं. आमच्या घरात त्यांचा फोटो होता, अजून आहे. संप कुठे गेला, गिरण्यांच्या जमिनींचं काय झालं, ते सगळ्यांनी पाहिलं. तेव्हा मान्यताप्राप्त संघटना एकच, कायदा तिच्याच बाजूने, आणि हा कायदा बदलायला विधानसभेत किंवा संसदेत गिरणगावची ताकद नव्हती. खतावणीताईंची खुर्ची आम्हाला हवी होती तेव्हा आमच्याकडे नव्हती.

शशांक_प

गिरणगावकर, यावर मला मोकळेपणाने सहमत व्हावंसं वाटतं. तरी माझी शंका एका जागी शिल्लक आहे. १९१४. हार्डी आयुष्यभर सांगत होता की युद्ध आलं तर सगळ्या देशांतल्या कामगारांनी एकदम संप करावा. युद्ध आलं आणि ६ ऑगस्टला ॲबरडेअरला, त्याच्याच मतदारसंघात, ज्या खाणकामगारांनी त्याला निवडून दिलं होतं त्यांनीच त्याची युद्धविरोधी सभा ओरडून बंद पाडली. वर्षभरानंतर, २६ सप्टेंबर १९१५ ला, तो न्यूमोनियाने ग्लासगोत गेला. संसदेने श्रद्धांजलीही वाहिली नाही. पोटनिवडणुकीत त्याच मर्थर टिडफिलमधून युद्धसमर्थक स्टँटन निवडून आला. तोही खाणकामगारांचाच माणूस होता. कामगारांतून आलेला माणूस हवा म्हणता, तर त्या दिवशी कामगारांचा माणूस कोण होता, हार्डी की स्टँटन?

रानजाई

शशांक, हा प्रश्न टाळता येणार नाही. माझं मत सांगते. दोघेही खाणीतून आले होते, म्हणून नुसता जन्म पुरत नाही हे खरं. १९११ च्या रेल्वे संपात लानेलीला सैन्याने दोन माणसं गोळ्या घालून मारली तेव्हा हार्डी त्यांच्या बाजूने उभा राहिला, सरकारला खुनी म्हणणारी पुस्तिका काढली. तेव्हा कामगार टाळ्या वाजवत होते. १९१४ ला तेच हूट करत होते आणि तो तेच म्हणत होता, गोळी खाणाऱ्याच्या बाजूने. मतदारांनी शिव्या दिल्या तरी मत न बदलणारा प्रतिनिधी मला हवा आहे. ते धैर्य त्याला कुठून आलं? मला वाटतं बेकरीच्या वरच्या मजल्यावरून आणि खाणीतून. सहानुभूतीदाराला एवढं टिकणं फार अवघड जातं, कारण त्याला परत जायला दुसरं घर असतं.

शशांक_प

लानेलीचं माहीत नव्हतं, वाचतो. शेवटच्या वाक्याशी मात्र असहमत. एलिनॉर मार्क्सला परत जायला घर होतं, ती नाही गेली.

खतावणी

आणि मेरी मॅकार्थरही नाही गेली. दुकानदाराची मुलगी. १९१० मध्ये क्रॅडली हीथच्या साखळ्या ठोकणाऱ्या बायकांसाठी तिने दहा आठवडे लढा चालवला. घराच्या मागच्या छोट्या भट्टीवर, पाळण्यातलं पोर शेजारी ठेवून, त्या बायका हातोड्याने साखळीच्या कड्या ठोकायच्या. सरकारी मंडळाने ठरवलेला तासाला अडीच पेन्सचा दर मालक देत नव्हते, तो त्यांनी मिळवला.

हेमांगी_के

खतावणीताई, तिच्यावर वेगळा धागा काढा ना. त्या बायकांचं काम नेमकं कसं चालायचं, पैसे कसे मोजून मिळायचे, सगळं लिहा. आमच्या इकडे विडी वळणाऱ्या बायकांबरोबर मी काम केलंय, हजारी मोजणीत कशी कापाकापी होते ते मी तिथे लिहीन.

खतावणी

काढते. या रविवारी बसते लिहायला.